बर्फातलं कार्ड

मंगळवारी दुपारी माबली दूध पिता पिता मांडीवरच झोपली. तिला हलवायची सोय नव्हती, म्हणून लाउरीने एका हाताने फोन उघडला. नव्या क्रेडिट कार्डवाल्यांचा निरोप येऊन पडला होता. तीन हजार आठशे साठ पौंड जुन्या कार्डावर पोचते झाले होते. आता तेवढंच देणं नव्या कार्डाचं झालं होतं, आणि सव्वीस महिने त्यावर एक पेनीही व्याज नव्हतं. लाउरीने निरोप पुन्हा वरपासून वाचला, कुठे बारीक अक्षरात काही दडलंय का ते पाहिलं. काही नव्हतं. तिने मान मागे सोफ्यावर टाकली आणि किती आठवड्यांनी कोण जाणे, छाती भरून श्वास घेतला. मांडीवरची माबली त्या श्वासाबरोबर वर गेली, खाली आली आणि झोपेतच ओठ चोखत राहिली.

कर्ज काही चैनीचं नव्हतं. माबली जेमतेम दोन आठवड्यांची असताना, ऐन नोव्हेंबरात घरचा बॉयलर बंद पडला. नीथसारख्या थंड गावातला नोव्हेंबर, घरात ओली बाळंतीण आणि नळाला बर्फासारखं पाणी. बॉयलर बदलण्यावाचून इलाज नव्हता. त्यानंतर गाडीचा क्लच गेला. येस्तिन बस डेपोत मेकॅनिक, दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांखाली झोपणारा. पण घरच्या गाडीचे सुटे भाग काही फुकट मिळत नव्हते. त्यातच त्याचा ओव्हरटाइम बंद झाला. जे जे लागलं ते सगळं लाउरीच्या कार्डावर गेलं. त्या कार्डावर सुरुवातीचे महिने व्याज नव्हतं. ती सवलत जूनअखेर संपणार होती, आणि मग शेकडा पंचवीसच्या आसपास, म्हणजे महिन्याला ऐंशी पौंड नुसते व्याजाचे.

ऐंशी पौंड म्हणजे काय, हे लाउरीला नीट ठाऊक होतं. तिची बाळंतपणाची रजा वर्षाची होती. पण पगाराच्या नावाने जे थोडंफार मिळत होतं ते जुलैच्या सुरुवातीला थांबणार, आणि पुढचे तीन महिने बिनपगारी. हे तीन महिने येस्तिनच्या एकट्याच्या पगारात, ओढूनताणून, निघत होते. वर व्याज आलं की निघत नव्हते. इतकं साधं होतं ते. निघाले तर माबलीचा पहिला वाढदिवस जवळ येईपर्यंत ती घरी. नाही तर जुलैत कामावर हजर, आणि माबली आजीकडे; आणि माबली तर बाटलीला तोंड लावायला तयार नव्हती. लाउरीने चार तऱ्हेच्या बाटल्या आणून पाहिल्या होत्या. माबली प्रत्येक बाटलीकडे अशी बघायची की जणू कोणी तिच्या हातात चुकीचं बिल ठेवलंय.

लवकर रुजू व्हायचं तर ऑफिसला आठ आठवडे आधी कळवणं भाग होतं, आणि जुलैसाठी ती मुदत येत्या शुक्रवारी पाच वाजता संपत होती. कळवलं नाही तर आपोआप ऑक्टोबर. लाउरीने मेल लिहून ठेवला होता, ‘मी ठरल्यापेक्षा आधी येऊ इच्छिते’ असा, आणि तो गेले पंधरा दिवस तसाच न पाठवलेल्या मेलांत पडून होता. मंगळवारी दुपारी तिला वाटलं, आता तो मेल पुसून टाकावा. पण तिचा स्वभाव असा की पाऊस थांबला तरी ती छत्री लगेच मिटत नसे. शुक्रवारपर्यंत राहू दे, तिने ठरवलं.

येस्तिनला तिने हे काहीच सांगितलं नव्हतं, आणि त्याला कारण होतं.

एप्रिलमध्ये दोघं जेवणाच्या टेबलाशी बसले होते, मध्ये लॅपटॉप, लॅपटॉपवर कार्डांच्या ऑफरींची ही लांब यादी. एका कार्डाचं कर्ज दुसऱ्या कार्डावर हलवायचं, हे दोघांनाही मान्य होतं. भांडण झालं ते कुठल्या, यावर. येस्तिनला बिनफीचं हवं होतं; त्यावर सवलत बारा महिन्यांची. लाउरीला सव्वीस महिन्यांचं हवं होतं. त्याला एकशे बारा पौंड फी.

“कर्ज हलवायला पैसे द्यायचे?” येस्तिन म्हणाला होता. “म्हणजे बुडताना पाण्याचं बिल भरायचं.”

लाउरीने त्याला आकडे दाखवले. बारा महिन्यांत फेडायचं म्हणजे महिन्याला तीनशे वीस पौंड. कुठून आणणार आहेस? तो म्हणाला, ओव्हरटाइम पुन्हा सुरू होईल. ती म्हणाली, होईल तेव्हा होईल, जुलै मात्र जुलैतच येणार. तो म्हणाला, सव्वीस महिने कर्ज वागवायचं म्हणजे पोरगी शाळेत जायला लागेल. ती म्हणाली, शाळेत जाईल ना, उपाशी तर नाही ना जाणार. मग तो चहा करायला उठला आणि ती माबलीच्या कपड्यांच्या घड्या करायला बसली, ज्या घड्या आधीच झाल्या होत्या. ‘नंतर बघू’ असं कोणीतरी म्हणालं. पैशांचं बोलणं त्या घरात, आणि त्या गल्लीतल्या सगळ्याच घरांत, आजारपणाच्या बोलण्यासारखं होतं: दार लावून, हळू आवाजात, आणि शक्यतो नाहीच. त्यामुळे ‘नंतर’ काही आलं नाही.

मग एके दिवशी लाउरीनेच काय ते उरकलं. आधी ‘मिळण्याची शक्यता किती’ एवढंच पाहिलं, कारण नुसतं पाहिल्याची कुठे नोंद राहत नाही. अर्ज करून नकार आला तर मात्र ती नोंद मागे लागते. शक्यता चांगली निघाली. तरी अर्ज भरताना ती एका जागी अडली, कारण उत्पन्नाच्या रकान्यात रजेवरच्या बाईने लिहायचं तरी काय? पण कार्ड मंजूर झालं. आता पहिलं बिल हातात येऊ दे, रविवारी जेवणं झाली की सांगू, पोट भरलेलं असताना एकशे बारा पौंड कमी टोचतील, असा तिचा बेत होता.

एक गोष्ट मात्र तिला चोरून करावी लागली होती. कर्ज हलवायला जुन्या कार्डाचा नंबर लागतो, आणि जुनं कार्ड होतं बर्फात.

ती युक्ती येस्तिनच्या आईची. माबली झाल्यापासून घरात सगळेच त्यांना मामगी म्हणू लागले होते, त्यांच्या भाषेत आजीला म्हणतात तसं. जानेवारीत कार्डाचं बिल बघून दोघांचे चेहरे उतरले, तेव्हा मामगींनी, कोणी काही न सांगताच, ओळखलं होतं. माझी बहीण कार्ड आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात टाकायची, वरून पाणी ओतायची आणि डबा फ्रीजरमध्ये ठेवायची, त्या म्हणाल्या. काही विकत घ्यावंसं वाटलं तर आधी बर्फ वितळायची वाट बघावी लागते, तोवर हौस मरते. त्याच संध्याकाळी दोघांनी व्हॅनिलाचा डबा धुतला. फोनवरचं कार्डाचं ॲपसुद्धा दोघांनी मिळून काढून टाकलं, अगदी लग्नाच्या शपथेसारखं समोरासमोर उभं राहून. मे उजाडल्यावर लाउरीने तो डबा काढून कोमट पाण्यात ठेवला, नंबर लिहून घेतला, आणि पुन्हा होता तसा गोठवला: आकडे खाली, सहीची पट्टी वर.

बुधवारी संध्याकाळी ती वाटाणे काढायला फ्रीजरशी गेली. डब्याच्या झाकणाचा कोपरा नीट बसला नव्हता, म्हणून तिने तो दाबायला हात घातला आणि सहज आत पाहिलं.

आकडे वर होते.

ती फ्रीजरचं दार उघडं टाकून तशीच उभी राहिली. बर्फातून कार्डावरचं तिचं स्वतःचं नाव तिच्याकडे बघत होतं. कार्ड कोणीतरी बाहेर काढलं होतं आणि परत ठेवलं होतं. घरात माणसं तीन, आणि त्यातलं एक अजून रांगतही नव्हतं.

एकदा शंका आली की लाउरीची नजर घरभर फिरे. स्वयंपाकघरातल्या टॉवेलांच्या खणात तिला तिचा केस वाळवायचा ड्रायर सापडला. तो वरच्या मजल्यावर, बाथरूमच्या शेजारी असायचा. स्वयंपाकघरात ड्रायर कोणी आणला? ज्याच्या डोक्यावर लग्नातही धड केस नव्हते त्याने? मग तिला आठवलं की गेले काही दिवस येस्तिन पोस्टमनच्या आधी दाराशी असतो. आणि मागच्या अंगणातून त्याचा आवाज आला. तो फोनवर ह्यूशी बोलत होता. ह्यू डेपोतला त्याचा दोस्त. डब्लिनच्या सहलीचं सगळं त्याच्याकडे होतं. डेपोतली सहा-सात टाळकी रग्बीच्या सामन्याला जाणार, आगाऊ पैसे भरायचेत, हे महिनाभर चाललं होतं, आणि येस्तिनने सुरुवातीलाच नाही म्हणून सांगितलं होतं. निदान लाउरीला तसं सांगितलं होतं.

“झालं रे एकदाचं,” येस्तिन सांगत होता. “सोमवारी गेले पैसे. नाही, लाउरीला नाही सांगितलं अजून. सांगेन, मूड बघून.”

लाउरीने वाटाणे उकळत्या पाण्यात टाकले आणि गॅस बंद करायला विसरली. त्या दिवशी वाटाण्यांची लापशी झाली. येस्तिनने ती मुकाट्याने खाल्ली, वर छान झालीय असंही म्हणाला, आणि त्यावरून तर तिची खात्रीच पटली.

ॲप पुन्हा फोनवर घेऊन जुन्या कार्डाकडे एकदा बघितलं असतं तर काय ते कळलं असतं. हे तिलाही सुचलं. पण बघितलं नाही तोवर ते खरं नव्हतं. शिवाय बघण्याआधीच तिच्या डोक्यात बेरजा सुरू झाल्या होत्या. त्या कार्डावर आता जे काही नवीन चढलं असेल, त्याला जूननंतर व्याज लागणार. म्हणजे एकशे बारा पौंड देऊन तिने जे दार बंद केलं, ते त्याने मागून उघडलं होतं. म्हणजे जुलै. तिने माबलीला पाळण्यात ठेवलं, वरून पांघरूण सारखं केलं, आणि बाजूला उभी राहून तिच्याकडे बघत राहिली. राग असा तिला येत नव्हता. नुसतं दमल्यासारखं वाटत होतं, बाजाराची पिशवी घरापर्यंत आणावी आणि दारात ती फाटावी, तसं.

गुरुवारी मामगी आल्या, मनुकांचा ब्रेड घेऊन. लाउरीने त्यांना, विषय हवापाण्याचा असावा तसं, सांगितलं की कदाचित जुलैतच कामावर जावं लागेल. मामगी लगेच उठल्या. त्यांनी हात धुतले, बाटली भरली, माबलीला मांडीवर घेतलं. माबलीने आधी आजीच्या कानातल्याचा समाचार घेतला. मग बाटली ओठांशी आली तशी तिने तोंड घट्ट मिटलं आणि मान भिंतीकडे वळवली. आजी इकडून गेली तर ती तिकडे, आजी तिकडून गेली तर ती इकडे.

“बापावर गेलीय,” मामगी म्हणाल्या. “तोही तोंड उघडायचा नाही. खायलाही नाही आणि बोलायलाही नाही.”

उरलेला ब्रेड ठेवायला त्या फ्रीजरशी गेल्या आणि कुरकुरल्या, की या घरात कार्डाला जागा आहे पण माणसाच्या खाण्याला नाही. लाउरी हसली नाही. मामगींनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. लाउरी विचारू की नको अशी घुटमळली आणि शेवटी म्हणाली, येस्तिन डब्लिनला जाणार आहे का, तुम्हाला काही बोललाय?

“ते मला काय विचारतेस पोरी,” मामगी म्हणाल्या. “तुझ्या समोरच्या खुर्चीत बसतो ना रोज? त्याला विचार. माझं अर्धं आयुष्य याच्या बापाला काय वाटत असेल याचा अंदाज करण्यात गेलं, आणि एकही अंदाज धड निघाला नाही.”

शुक्रवारी येस्तिनची सकाळची पाळी. तीन वाजता तो घरी आला, बूट दाराशी काढले, हातांना डेपोच्या साबणाचा वास, आणि स्वयंपाकघरात येऊन थबकला. टेबलावर चहा नव्हता. टेबलाच्या मधोमध व्हॅनिलाचा डबा होता, झाकण काढलेला, वर बर्फाची वाफ. टेबलापलीकडे लाउरी बसली होती, मांडीवर माबली, आणि बाजूला फोन, त्यावर न पाठवलेला मेल उघडा.

“पाच वाजेपर्यंत मला एक मेल पाठवायचाय किंवा नाही पाठवायचा,” लाउरी म्हणाली. आवाज शांत ठेवायचा असं तिने दुपारभर घोकलं होतं आणि तो राहिलाही. “त्याआधी एवढंच सांग, यावर किती खर्च केलास?”

येस्तिनने डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. खुर्ची ओढून तो बसला.

“मी?” तो म्हणाला. “मला वाटलं तू केलास.”

मग जे बाहेर आलं ते एका दमात नाही, तुकड्यातुकड्यांनी. मागच्या आठवड्यात लाउरी माबलीला वजन करायला दवाखान्यात घेऊन गेली होती, तेव्हा येस्तिनने डबा काढला होता. बघतो तर बर्फ ताजा. जानेवारीतला बर्फ असा काचेसारखा राहत नाही, कडेला भुगा जमतो, एवढं मेकॅनिकला कळतं. म्हणजे त्याच्या आधी लाउरीने कार्ड काढलं होतं. त्याने मनात म्हटलं, घेतलं असेल काहीतरी, दिवसभर चार भिंतींत पोर सांभाळत असते, घेऊ दे. आणि विचारलं नाही.

“पण मग तू कशाला काढलंस?” लाउरी म्हणाली.

तो मानेच्या मागे हात फिरवत राहिला. मग म्हणाला की त्याने स्वतःच्या नावावर एक कार्ड घेतलंय. ह्यूच्या बायकोने सांगितलं होतं, काही कार्डं दुसऱ्याच्या नावचं कर्जही उचलतात. लाउरी रजेवर, तिने अर्ज केला आणि तिला नाही म्हणाले, तर ती आठवडाभर धड जेवणार नाही, हे त्याला माहीत होतं. त्यापेक्षा आपल्या नावावर घेऊ आणि ते भूत तिच्या मानेवरून उतरवू. बिनफीचं, बारा महिन्यांचं. एप्रिलच्या बिलावर होते तेवढेच, तीन हजार आठशे साठ. सोमवारी पैसे गेले होते.

“आणि डब्लिन?”

“कोण जातंय डब्लिनला? पोरीला दात येतायत, रात्ररात्र झोपत नाही, आणि मी डब्लिनला?”

लाउरीच्या तोंडून हुंदका आला की हसू, ते तिचं तिलाही कळलं नाही. माबलीने वळून तिच्या हनुवटीला हात लावला. डब्लिन नव्हतं. काही खरेदी नव्हती. या माणसाला संशय आला आणि त्याने तो गिळला, वर स्वतःच्या मानेवर कर्ज घेतलं. तिने मात्र एका रात्रीत त्याला विमानात बसवून, सामन्याचं तिकीट हातात देऊन टाकलं होतं. हे त्याला सांगायची आज तरी गरज नव्हती.

मग तिला दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि तिने माबलीला घट्ट धरलं.

“येस्तिन,” ती म्हणाली. “मी पण हलवलं. नव्या कार्डावर. मंगळवारी पोचले.”

 त्याच्या चेहऱ्यावरून आकडे चालल्याचं तिला दिसत होतं. तिचे तीन हजार आठशे साठ, त्याचे तीन हजार आठशे साठ. “म्हणजे आता आपलं जवळजवळ आठ हजार देणं झालं,” तो हळूच म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “देवा. मी काय करून बसलो.”

पण लाउरी आता ऐकत नव्हती. ऑफिसात ती दिवसभर भाडेकरूंची खाती बघायची, आणि घाबरलेल्या माणसांनी एकच भाडं दोनदा भरल्याचं तिने किती वेळा पाहिलं होतं. नवऱ्याने भरलेलं, बायकोने पुन्हा भरलेलं. ते पैसे कुठे जात नाहीत. जिथे भरले तिथेच पडून राहतात, भाडेकरूच्या नावाने.

“थांब,” ती म्हणाली. “सोमवारी तुझे पैसे गेले तेव्हाच जुनं कर्ज संपलं. मग मंगळवारी माझे कशात गेले?”

“कशात?”

“कशातच नाही. त्यांच्याकडेच पडलेत. आपले.”

दोघांनी एकदमच डब्याकडे पाहिलं. कंपनीला फोन करायचा तर नंबर हवा, आणि लिहून घेतलेला नंबर तिने काम झाल्याबरोबर फाडून टाकला होता, सावधपणाने. घड्याळात चार वाजून गेले होते. येस्तिन उठला, टॉवेलांच्या खणातून ड्रायर काढला आणि प्लग लावला.

“म्हणजे तो तूच आणला होतास,” लाउरी म्हणाली.

“डोक्यासाठी नाही, एवढं तर कळलं असेल.”

पुढची पंधरा-वीस मिनिटं त्या स्वयंपाकघरात जे चाललं होतं ते खिडकीतून शेजारणीने पाहिलं असतं तर तिने दुसऱ्या दिवशी चौकशी केली असती. लाउरी फोन कानाला लावून, यंत्राने सांगितलेली बटणं दाबत, मग ‘आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ आणि त्यामागची बासरी ऐकत होती. टक्कल पडलेला येस्तिन आइस्क्रीमच्या डब्याचे केस वाळवत होता. आणि माबली ड्रायरच्या गरम वाऱ्यात डोळे बारीक करून, उन्हात बसलेल्या मांजरासारखी, खुशीत होती. बर्फ आधी कडेने सुटला, मग त्याचा मोठा खडा डब्यात फिरू लागला, आणि एका टोकाने कार्ड बाहेर आलं. फोनवर बाईचा आवाज आला तेव्हा येस्तिनने ड्रायर बंद केला आणि कार्डावरचे आकडे एकेक करून वाचून दाखवले. शेवटचे चार अजून बर्फात होते. ते त्याने चहाच्या चमच्याने मोकळे केले.

बाईने सगळं ऐकून घेतलं, टाइप केलं, आणि थोडा वेळ थांबली. 

तुमच्याकडे आमचं काही येणं नाही, बाई म्हणाली. उलट तुमचेच तीन हजार आठशे साठ पौंड इथे जमा आहेत. बँकेच्या खात्यावर पाठवायचे का? चार-पाच दिवसांत येतील.

लाउरीने येस्तिनला ऐकू जावं म्हणून तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं. बाईने सांगितलं. तिला बहुधा याची सवय होती. असं पुष्कळांचं होतं हो, ती म्हणाली, घरात एकमेकांशी बोलत नाहीत ना.

लाउरीने फोन ठेवला. येस्तिनने चहा टाकला. बाहेर गल्लीत कोणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू झालं. लाउरीला वाटलं, आपले खांदे आपल्या कानांना लागले होते ते आत्ता कुठे खाली येतायत.

मग दोघांनी हिशोब केला, आणि या वेळी भांडण झालं नाही, कारण भांडायला काही उरलंच नव्हतं. कर्ज लाउरीच्या लांब मुदतीच्या कार्डावर राहणार. परत येणारे पैसे येस्तिनच्या कार्डावर भरून टाकायचे, आणि त्याला फी नसल्यामुळे या सगळ्या गोंधळाची किंमत शून्य. “बघितलंस, बिनफीचं घेतलं म्हणून वाचलो,” येस्तिन म्हणाला, आणि ती म्हणाली, हो, आणि सव्वीस महिन्यांचं घेतलं म्हणून फेडू. त्याने मान डोलवली. मग ती जरा थांबली, माबलीच्या डोक्यावर हनुवटी टेकवून.

“सगळे नको भरूस,” ती म्हणाली. “नऊशे खात्यातच राहू दे. तुझ्या कार्डावर बारा महिने त्यालाही व्याज नाही. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, तीनशे तीनशे. मी ऑक्टोबरात कामावर गेले की पहिल्यांदा तेच फेडू.”

येस्तिन तिच्याकडे बघत राहिला. कर्जाच्या नावाने जिची झोप उडते, ती बाई स्वतःहून नऊशे पौंड ठेवून घे म्हणत होती. लाउरीलाही स्वतःचं नवल वाटलं. पण हे कर्ज टेबलावर होतं, दोघांच्या मधे, उजेडात. त्याची भीती वाटत नव्हती.

“फी किती पडली म्हणालीस?” त्याने विचारलं.

“एकशे बारा.”

तो चहा ढवळत राहिला. गरजेपेक्षा बराच वेळ ढवळत राहिला.

“बोल ना,” ती म्हणाली. “पाण्याचं बिल.”

“मी काही बोललो नाही,” तो म्हणाला. “बुडालो नाही ना, मग ठीक आहे.”

डब्यात आता नुसतं पाणी होतं आणि तळाशी कार्ड. येस्तिनने विचारलं, पुन्हा गोठवायचं का? लाउरीने कात्री मागितली. पैसे खात्यावर येईपर्यंत थांब, असं सांगणारा तिचा नेहमीचा आवाज आतून आलाच, आणि तिने तो मानला; कात्री टेबलावरच राहू दिली. पण कार्ड कात्रीशेजारी ठेवून डबा तिने पालथा केला, धुतला, आणि मामगींचा मनुकांचा ब्रेड त्यात घालून फ्रीजरमध्ये त्या मोकळ्या जागी ठेवला.

पाच वाजून गेले होते. माबली कुरकुरायला लागली, तोंड छातीकडे वळवून शोधू लागली. खिडकीच्या कट्ट्यावर काल मामगींनी धुऊन ठेवलेली बाटली उपडी होती. लाउरी सोफ्यावर बसली, पोरीला जवळ घेतलं, एका हाताने फोन उघडला. मेल अजून तिथेच होता, ‘मी ठरल्यापेक्षा आधी येऊ इच्छिते’. तिने तो पुसला. मग फोन पालथा ठेवून दिला, आणि स्वयंपाकघरातून येस्तिनने विचारलं की रविवारी आई जेवायला येतेय, तर तिला हे सांगायचं का.

“सांगू,” लाउरी म्हणाली. “जेवण झाल्यावर. दार उघडं ठेवून.”